नक्षीदार चौकटीचा आकार बदलताना

प्रमाणपत्र, मानपत्र, लग्नपत्रिका, वास्तुशांतीचे निमंत्रण, दुकानाच्या उद्घाटनाचे पत्रक अशा कागदांना नक्षीदार चौकटीवाचून शोभा येत नाही, असा आपल्याकडील जुना समज आहे आणि तो चुकीचा नाही. खिळ्यांच्या छपाईच्या काळात ही चौकट छापखान्यातील जुळारी तयार करीत असे. त्याच्याजवळ अक्षरांच्या खिळ्यांप्रमाणेच नक्षीचेही शिशाचे तुकडे असत. एका तुकड्यावर पान, दुसऱ्यावर कळी, कोपऱ्यांसाठी निराळे तुकडे. कागद मोठा असेल तर तो अधिक तुकडे लावी. लहान असेल तर काही काढून घेई. शिसे ताणता येत नसल्यामुळे नक्षी ताणण्याचा विचार त्याच्या मनात येणेच शक्य नव्हते.

संगणकाच्या पडद्यावर मात्र चित्राचे टोक धरून ओढले की ते हवे तेवढे रुंद होते. ही सोय मोठी आहे. परंतु चौकटीच्या बाबतीत तीच बहुतेक वेळा घात करते. फोटो-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये चौकटीचा आकार तिची नक्षी न बिघडवता कसा बदलावा, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे. त्यासाठी चित्रकलेचे ज्ञान लागत नाही. बेरीज, वजाबाकी आणि भागाकार लागतो, आणि आपल्या वाचकवर्गाला त्याचे भय वाटण्याचे कारण नाही.

उदाहरण प्रत्यक्षातलेच घेऊ. इंदूर येथे आमच्या शाखेत खाते असलेल्या एका महिला बचत गटाने शिवणवर्ग चालविला. वर्ग पूर्ण करणाऱ्या चाळीस जणींना प्रमाणपत्रे द्यावयाचे ठरले. गटातील एका ज्येष्ठ ताईंचा हात रांगोळीत बसलेला. त्यांनी २० सेंटिमीटर लांबी-रुंदीच्या चौरस कागदावर काळ्या शाईने चौकट काढून दिली. चारही कोपऱ्यांत वर्तुळात बसविलेले आठ पाकळ्यांचे कमळ, आणि प्रत्येक बाजूस एका ओळीत सोळा कोयऱ्या, दर दोन कोयऱ्यांमध्ये एक ठिपका. आत आणि बाहेर एकेक रेघ. पट्टीची रुंदी सर्वत्र २ सेंटिमीटर.

प्रमाणपत्र आडव्या ए-४ कागदावर छापावयाचे होते. टंकलेखनाच्या दुकानात ते चित्र स्कॅन करून कागदाच्या मापाला ओढून बसविण्यात आले. नमुना हाती आला तेव्हा कमळांची वर्तुळे अंड्यासारखी झाली होती, वरच्या कोयऱ्या आडव्या लांबल्या होत्या आणि डाव्या-उजव्या बाजूंच्या कोयऱ्या सुजल्यासारख्या दिसत होत्या. ताईंनी तो कागद थोडा वेळ हातात धरला आणि म्हणाल्या, “साहेब, हे माझं नाही.” ज्या चाळीस जणींना ते प्रमाणपत्र मिळणार होते त्यांतील कित्येकींच्या नावाचा तो पहिलाच छापील कागद होता. तो शिलाई यंत्राच्या वर भिंतीवर लागणार होता आणि वर्षानुवर्षे तेथे राहणार होता. तेव्हा तो तसाच छापून मोकळे होणे कोणालाच रुचले नाही.

नेमके काय बिघडले?

कागदावर चौकट सुमारे २८० मिलिमीटर रुंद व १९० मिलिमीटर उंच हवी होती. मूळ चित्र २०० बाय २०० मिलिमीटरचे. म्हणजे रुंदी १.४ पट झाली आणि उंची ०.९५ पट. कोपऱ्यातील १८ मिलिमीटर व्यासाचे वर्तुळ आता सुमारे २५ मिलिमीटर रुंद व १७ मिलिमीटर उंच होणार, हे उघड आहे. पण याहून अधिक खटकणारी गोष्ट पट्टीच्या जाडीची असते आणि तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. वरची व खालची पट्टी २० वरून १९ मिलिमीटर होते, तर डावी-उजवी पट्टी २० वरून थेट २८ मिलिमीटर. एकाच चौकटीच्या चार बाजू दोन निराळ्या जाडीच्या दिसू लागतात. पाहणाऱ्याला कारण सांगता येत नाही, तरी कागद ओबडधोबड वाटतो तो यामुळे.

यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. मूळ चित्र आणि नवी जागा यांचे लांबी-रुंदीचे प्रमाण एकच असेल तर ओढून मोठे करण्यास कोणतीही हरकत नाही. ए-मालिकेतील कागदांचा येथे मोठा उपयोग होतो. जर्मनीत १९२२ साली प्रमाणित झालेल्या या मालिकेत प्रत्येक कागदाच्या लहान व मोठ्या बाजूंचे प्रमाण १ : १.४१४ असेच राहते. म्हणून ए-४ साठी केलेली चौकट ए-३ भित्तिपत्रकासाठी १४१ टक्के आणि ए-५ पत्रिकेसाठी ७१ टक्के केली की काम झाले. त्यावेळी रुंदी व उंचीच्या रकान्यांमधील साखळीचे चिन्ह जोडलेले असले पाहिजे, एवढेच पाहावे. साखळी जोडलेली असताना एक आकडा बदलला की दुसरा आपोआप त्याच पटीत बदलतो. हा लेख आहे तो जेथे प्रमाणच बदलते अशा प्रसंगांसाठी: चौरसाचे आडवे, उभ्याचे आडवे, पत्रिकेचे लांबट पाकीट.

चौकटीचे नऊ भाग

चौकट हे आपल्याला एक चित्र वाटते. संपादनाच्या सोयीसाठी ते नऊ तुकड्यांचे मानावे. दोन आडव्या आणि दोन उभ्या रेघांनी चित्र छेदले की चार कोपरे, चार बाजू आणि मधला भाग असे नऊ चौकोन पडतात. कोपऱ्यांना हात लावावयाचा नाही. ते जसेच्या तसे नव्या जागी न्यावयाचे. वरची व खालची बाजू फक्त लांबीत वाढवावयाची, जाडीत नाही. डावी-उजवी बाजू फक्त उंचीत. मधला भाग मजकुराचा, तो रिकामाच.

आता बाजू वाढवावयाची म्हणजे काय करावयाचे? येथे पुन्हा दोन प्रकार आहेत. बाजूवर नुसत्या सरळ रेघा असतील, जशा साध्या दुहेरी रेघेच्या चौकटीत असतात, तर ती लांबीत खुशाल ताणावी. सरळ रेघ ताणली तरी सरळ रेघच राहते. बाजूवर कोयरी, पान, फूल, मोर, त्रिकोण असे काही असेल तर ती ताणू नये, तिच्यातील आकृत्यांची संख्या वाढवावी. जुळारी हेच करीत होता. संकेतस्थळांची मांडणी ज्या सीएसएस भाषेत केली जाते तिच्यात चित्राच्या चौकटीसाठी हेच पर्याय चार शब्दांत दिलेले आहेत: ‘स्ट्रेच’ म्हणजे ताणणे, ‘रिपीट’ म्हणजे पुनरावृत्ती करणे व उरलेले कापणे, ‘राउंड’ म्हणजे पूर्ण संख्येत आकृत्या बसाव्यात यासाठी प्रत्येकीला किंचित लहान-मोठे करणे, आणि ‘स्पेस’ म्हणजे आकृत्या तशाच ठेवून त्यांच्यामधील मोकळी जागा वाढविणे. आपण रोज वापरतो त्या वर्डमध्येही पानाच्या किनारीसाठी ‘आर्ट’ म्हणून सफरचंदे, तारे, फुले यांच्या नक्षी असतात. पान आडवे करा वा उभे, त्यातील सफरचंद चपटे होत नाही. कारण तेथे चित्र ताणले जात नाही, एकच आकृती पुन्हा पुन्हा मांडली जाते.

‘रिपीट’चा एक दोष येथेच सांगून ठेवतो. उरलेले कापले की कोपऱ्याजवळ अर्धी कोयरी येते. अर्धी कोयरी असलेली चौकट ताणलेल्या चौकटीपेक्षाही वाईट दिसते, असे माझे मत आहे.

आधी मोजमाप

कोणतेही काम सुरू करण्यापूर्वी चित्रात माल किती आहे हे पाहावे. संगणकातील चित्र बारीक ठिपक्यांचे बनलेले असते. त्यांना पिक्सेल म्हणतात. चांगल्या छपाईसाठी एका इंचात ३०० पिक्सेल असावेत असा सर्वसाधारण संकेत आहे. ए-४ कागद २१० बाय २९७ मिलिमीटरचा. त्या हिशेबाने तो २४८० बाय ३५०८ पिक्सेलचा होतो. आंतरजालावरून घेतलेली ६०० पिक्सेल रुंदीची एखादी चौकट २८० मिलिमीटरवर पसरली तर एका इंचात अवघे ५४ पिक्सेल येतील आणि रेघांच्या कडा पायऱ्यापायऱ्यांच्या दिसतील. सॉफ्टवेअर आकार वाढविताना मधले ठिपके अंदाजाने भरते. चित्रात जे नव्हतेच ते त्यामुळे निर्माण होत नाही. खात्यात शिल्लक नसताना धनादेश काढण्यासारखेच ते आहे.

म्हणून शक्य असेल तेथे हातची नक्षी घ्यावी आणि ती ३०० वर, फार बारीक काम असल्यास ६०० वर, स्कॅन करावी. भ्रमणध्वनीने फोटो काढल्यास कागदाच्या अगदी समोरून काढावा. तिरपा काढला तर चौरसाचा पतंग होतो आणि पुढचे सगळे हिशेब चुकतात. असा फोटो व्हॉट्सॲपवर पाठविताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा. चित्र म्हणून नेहमीच्या पद्धतीने पाठविल्यास ते वाटेत दाबून लहान केले जाते आणि छपाईच्या वेळी त्याची उणीव भासते.

ताईंचा कागद ३०० वर स्कॅन केला तेव्हा चित्र २३६२ बाय २३६२ पिक्सेलचे आले. एक सेंटिमीटर म्हणजे या मापात ११८ पिक्सेल. एक कोयरी व तिचा ठिपका मिळून एक सेंटिमीटर, म्हणजे ११८ पिक्सेल. पट्टीची जाडी दोन सेंटिमीटर, म्हणजे २३६. कडेचे दोन पिक्सेल छाटून चित्र २३६० चे केले, म्हणजे बरोबर ११८ च्या वीस पटी. दोन कोपऱ्यांचे २३६ व २३६, आणि सोळा कोयऱ्यांचे १८८८. ताळा जुळला.

यापुढचा भागाकार हा सगळ्या कामाचा गाभा आहे. सर्वसाधारण मुद्रकयंत्रे कागदाच्या अगदी कडेपर्यंत छापत नाहीत, म्हणून चारही बाजूंनी सुमारे १० मिलिमीटर सोडावयाचे ठरविले. आडव्या कागदावर उरले २७७ बाय १९० मिलिमीटर. त्यातून दोन कोपऱ्यांचे ४० मिलिमीटर वजा केले की आडव्या बाजूला २३७ आणि उभ्या बाजूला १५० राहतात. १५० मध्ये पंधरा कोयऱ्या नेमक्या बसतात. २३७ मध्ये तेवीस बसून सात मिलिमीटर उरतात. येथे दोन मार्ग आहेत. चोवीस कोयऱ्या घेऊन प्रत्येक कोयरी सव्वा टक्का आखूड करावी. एवढा फरक डोळ्याला कळत नाही. किंवा कोयरीला मुळीच हात न लावता चौकटच तीन मिलिमीटरने रुंद करावी, म्हणजे डावी-उजवी मोकळी जागा १० ऐवजी साडेआठ मिलिमीटर राहील. मी दुसरा मार्ग पसंत करतो. मोकळ्या जागेने दीड मिलिमीटर सोसणे नक्षीने सोसण्यापेक्षा बरे. छापील नक्षी असेल आणि कागदाचे माप काटेकोर असेल, उदाहरणार्थ तयार पाकिटावर छापावयाचे असेल, तर पहिला मार्ग घ्यावा लागतो.

तेव्हा ठरले ते असे. आडव्या बाजूला चोवीस कोयऱ्या, उभ्या बाजूला पंधरा. चौकटीची रुंदी ११८ च्या अठ्ठावीस पटी, म्हणजे ३३०४ पिक्सेल. उंची एकोणीस पटी, म्हणजे २२४२. मूळ बाजूत सोळा कोयऱ्या आहेत. उभ्या बाजूतून एक काढावयाची आणि आडव्या बाजूत आठ घालावयाच्या. आठ म्हणजे सोळाची निम्मी. म्हणजे तीच बाजू एकदा पूर्ण आणि एकदा अर्धी. ताईंच्या हातची प्रत्येक कोयरी दुसरीहून किंचित निराळी होती. एकच कोयरी उचलून चोवीस वेळा चिकटविली असती तर चौकट रबरी शिक्क्याने काढल्यासारखी दिसली असती. या पद्धतीत सतरावी कोयरी ही पहिलीच आहे, परंतु दोघींमध्ये सोळा सेंटिमीटरचे अंतर असल्याने ते कोणाच्याही लक्षात येत नाही.

गिंपमधील कृती

पुढील कृती ‘गिंप’ या सॉफ्टवेअरमध्ये केलेली आहे. ते विनामूल्य मिळते आणि विंडोजवर व लिनक्सवर सारखेच चालते. स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील दोन विद्यार्थ्यांनी १९९५ साली त्याची सुरुवात केली. २०२५ च्या मार्च महिन्यात त्याची ३.० ही आवृत्ती आली. कर्मचारी बंधू-भगिनींनी मात्र कार्यालयीन संगणकावर परवानगीवाचून कोणतेही सॉफ्टवेअर उतरवून घेऊ नये, ही सूचना येथेही लागू आहेच. घरच्या संगणकावर सराव करावा.

प्रथम मूळ चित्र उघडून ‘इमेज’ यादीतील ‘डुप्लिकेट’ने त्याची प्रत करावी आणि मूळ बंद करून ठेवावे. पुढे काही बिघडले तरी ताईंकडे पुन्हा जावे लागणार नाही. प्रतीवर ‘इमेज’, ‘गाइड्स’, ‘न्यू गाइड’ असे जाऊन चार मार्गदर्शक रेषा टाकावयाच्या: दोन आडव्या आणि दोन उभ्या, दोन्हीकडे २३६ आणि २१२४ या स्थानांवर. २१२४ हे २३६० मधून २३६ वजा करून आले. रेषा टाकल्यावर चित्र मोठे करून चारही छेद पाहावेत. एखादी रेष कमळाच्या पाकळीवरून वा कोयरीच्या टोकावरून जात असेल तर ती दोन-चार पिक्सेल सरकवावी. हातच्या कामात एवढे अंतर पडतेच. मग ‘इमेज’ यादीतच ‘स्लाइस युझिंग गाइड्स’ ही आज्ञा द्यावी. क्षणार्धात चित्राचे नऊ तुकडे नऊ स्वतंत्र चित्रे होऊन उघडतात. जुन्या आवृत्त्यांत या आज्ञेचे नाव ‘गिलोटिन’ असे होते. छापखान्यात कागद कापण्याच्या यंत्रालाही हेच नाव असल्याने मला ते अधिक आवडत असे. मधला तुकडा बंद करून टाकावा.

आता ‘फाइल’, ‘न्यू’ असे जाऊन ३३०४ बाय २२४२ पिक्सेलचे नवे चित्र घ्यावे. ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’ उघडून तेथे इंचाला ३०० हा आकडा घालावा. या नव्या चित्रावरही चार रेषा टाकावयाच्या: आडव्या २३६ व २००६ वर, उभ्या २३६ व ३०६८ वर. हे झाले की एकेक तुकडा उचलून आणावयाचा. तुकड्याच्या खिडकीत कंट्रोल व सी, नव्या चित्रात येऊन ‘एडिट’, ‘पेस्ट ॲज’, ‘न्यू लेयर’. असे केले की प्रत्येक तुकडा आपल्या स्वतंत्र थरावर येतो आणि नंतर एकटा हलविता येतो. ‘व्ह्यू’ यादीत ‘स्नॅप टू गाइड्स’ चालू असेल तर सरकत्या साधनाने तुकडा रेषेजवळ नेताच तो लोहचुंबकासारखा तिला चिकटतो. चारही कोपरे असे बसवून घ्यावेत.

वरची बाजू १८८८ पिक्सेल लांब आहे. ती डाव्या कोपऱ्याला लागून ठेवली की २१२४ पर्यंत पोहोचते. तेथे एक उभी मार्गदर्शक रेषा टाकावी. मग तोच तुकडा पुन्हा उघडून त्याचा पहिला ९४४ पिक्सेल लांबीचा भाग निवडावा, म्हणजे आठ कोयऱ्या, आणि तो या रेषेला लागून ठेवावा. २१२४ मध्ये ९४४ मिळविले की ३०६८ होतात, आणि उजवा कोपरा तेथेच सुरू होतो. खालच्या बाजूचेही असेच. उभ्या बाजूंसाठी तुकड्याचा वरचा १७७० पिक्सेलचा भाग निवडावा. सोळावी कोयरी सुटते आणि पंधरा नेमक्या बसतात.

छापील किंवा एकसारखी नक्षी असेल तर याहून सोपा मार्ग आहे. एका आकृतीचा तुकडा वेगळा काढून ‘फिल्टर्स’, ‘मॅप’, ‘टाइल’ ही आज्ञा द्यावी, साखळी सोडवून रुंदीत २८३२ आणि उंचीत २३६ भरावे. सॉफ्टवेअर आपणहून चोवीस आकृत्यांची पट्टी तयार करून देते.

एक सूचना दिशेविषयी. कोयरीला तोंड असते. आमच्या चौकटीत कोयऱ्या प्रदक्षिणेसारख्या एका दिशेने फिरत होत्या: वर उजवीकडे, उजव्या बाजूने खाली, खालून डावीकडे. एकाच बाजूपासून चारही बाजू तयार करावयाच्या असतील तर तुकडा ९० अंशांत फिरवावा, म्हणजे ही प्रदक्षिणा टिकते. त्याऐवजी ‘फ्लिप’ केले, म्हणजे आरशासारखे उलटे केले, तर वरच्या व खालच्या कोयऱ्या एकाच दिशेला पाहू लागतात आणि ओघ तुटतो. मात्र वारली पद्धतीची माणसे, झाडे किंवा दिवे असतील तर फिरविल्यावर खालच्या ओळीतली माणसे डोक्यावर उभी राहतील. तेथे खालच्या बाजूसाठी तुकडा न फिरविता तसाच वापरावा.

सांधे

तुकडे बसले म्हणजे चौकट झाली असे नाही. हातच्या रेघेची जाडी सर्वत्र सारखी नसते. कोपऱ्याची बाहेरची रेघ बाजूच्या रेघेपेक्षा एखाद-दुसरा पिक्सेल वर-खाली राहते आणि सांध्यावर पायरी दिसते. चित्र ४०० टक्के मोठे करून आठही कोपरसांधे आणि वरच्या-खालच्या बाजूंचे मधले दोन सांधे, असे दहा सांधे तपासावेत. पायरी एका पिक्सेलची असेल तर सोडून द्यावी. कागदावर तो एका मिलिमीटरचा बारावा भाग आहे. अधिक असेल तर बाजूचा थर बाणाच्या कळीने एकेक पिक्सेल सरकवावा. तेवढ्याने न भागल्यास ‘क्लोन’ साधनाने शेजारची रेघ उचलून सांध्यावरून काढावी. या कामाला अर्धा तास लागतो. घाई करू नये. कागद हातात घेणारा माणूस प्रथम कोपराच पाहतो.

सगळे जुळल्यावर ‘इमेज’, ‘कॅनव्हास साइझ’ असे जाऊन पान ३५०८ बाय २४८० चे करावे आणि ‘सेंटर’ ही कळ दाबावी. डावी-उजवीकडे १०२ आणि वर-खाली ११९ पिक्सेल मोकळे राहतात. थर शाबूत असलेली प्रत गिंपच्या स्वतःच्या एक्ससीएफ स्वरूपात जपून ठेवावी. छपाईसाठी ‘एक्सपोर्ट ॲज’ने पीएनजी प्रत काढावी. जेपीईजी छायाचित्रांसाठी उत्तम. काळ्या-पांढऱ्या बारीक रेघांभोवती त्याने राखेसारखा डाग उमटतो.

फोटोशॉप वापरणाऱ्यांसाठी

रेषा टाकून नऊ तुकडे करण्याची रीत फोटोशॉपमध्येही हीच आहे. दोन ठिकाणी मात्र सावध राहावे. ‘फ्री ट्रान्सफॉर्म’ने चित्र ओढताना प्रमाण राखण्यासाठी पूर्वी शिफ्टची कळ दाबून धरावी लागे. २०१९ च्या आवृत्तीपासून हे उलट झाले. आता काही न दाबता प्रमाण राखले जाते आणि शिफ्ट दाबली की ते मोडते. जुनी सवय असलेल्यांच्या हातून नेमके येथेच वर्तुळाचे अंडे होते. दुसरे, ‘कंटेंट-अवेअर स्केल’ नावाची सोय. शाई अविदान आणि एरियल शमीर या दोन संशोधकांनी २००७ साली मांडलेल्या पद्धतीसारखीच तिची चाल असून, २००८ च्या सीएस-४ आवृत्तीपासून ती फोटोशॉपमध्ये आहे. ती चित्रातील कमी महत्त्वाच्या वाटणाऱ्या बारीक फटी शोधून तेथे चित्र वाढविते किंवा कमी करते. समुद्रकिनाऱ्याच्या छायाचित्रावर तिचा परिणाम थक्क करणारा असतो. चौकटीवर ती वापरू नये. कोयऱ्यांमधील अंतर कोठे वाढते, कोठे तसेच राहते, आणि ताल बिघडतो.

बँकेत काम करणाऱ्याने आणखी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. चौकट शोधताना चलनी नोटांवरील किंवा जुन्या शेअर प्रमाणपत्रांवरील गुंतागुंतीच्या जाळीदार नक्षीचा मोह अनेकांना होतो. ती नक्षी शोभेपेक्षा सुरक्षेसाठी असते. तिच्या रेघा इतक्या बारीक आणि परस्परांत गुंतलेल्या असतात की नक्कल करताना त्या विसकटाव्यात. नोटेसारखा दिसणारा कागद तयार करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १८२ खाली अपराध आहे, मग हेतू गमतीचा का असेना. नोटेचे चित्र असलेली फाइल फोटोशॉप ओळखते आणि उघडण्यास नकार देते. आपल्या आईने किंवा शेजारच्या काकूंनी उंबऱ्यावर काढलेली रांगोळी याहून कितीतरी चांगली चौकट देते आणि त्यांना विचारले की परवानगीही मिळते.

छपाईच्या वेळी शेवटची एक खूण तपासावी. मुद्रणाच्या खिडकीत ‘फिट टू पेज’ असा पर्याय बहुधा आधीच निवडलेला असतो आणि तो सगळे पान दोन-चार टक्क्यांनी गुपचूप लहान करतो. तेथे ‘ॲक्च्युअल साइझ’ किंवा १०० टक्के निवडावे. जाड कागद घालण्यापूर्वी एक प्रत साध्या कागदावर काढून पट्टीची जाडी फूटपट्टीने मोजावी. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे चारही ठिकाणी २० मिलिमीटर आले पाहिजेत. आमच्या नमुन्यावर ताईंनी फूटपट्टी घेतली नाही. त्यांनी वरच्या ओळीतल्या कोयऱ्या बोटाने मोजल्या, चोवीस भरल्या, आणि जादा आठ कोणी काढल्या असे विचारले.